अक्कांचं खाली आहे

‘दोन मिनिटांचं काम आहे, वैनी’ असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणणारा माणूस एकच, माझे धाकटे दीर. बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं त्यांनाच कळतं असा समज आहे, आणि तो त्यांनी स्वतःच पसरवलाय. मी कंपनीत दिवसभर सॉफ्टवेअर तपासते, लोकांनी दोन मिनिटांत घातलेले घोळ निस्तरते, त्यावर माझा पगार चालतो. पण मी पडले पुण्याहून आलेली सून. माझं कोण ऐकतंय!

त्यात मी दिरांना भाऊजी म्हणते आणि अहो-जाहो करते. ते माझ्याहून लहान आहेत, पण आईने लावलेलं वळण जात नाही. याचा तोटा असा की ‘अहो भाऊजी’ म्हणून सुरू केलेलं भांडण नीट पेटतच नाही. समोरच्याला वाटतं, ही बाई चहा विचारतेय.

घरात भांडण पेटवायचा खरा अधिकार सासूबाईंचा. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मुलं, शेजारी, दारावरचा भाजीवाला, मीसुद्धा. सासरचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे अक्कांची मराठी निम्मी कानडीत भिजलेली आणि जीभ मिरचीसारखी. त्यांनी स्वयंपाकघरातून आवाज दिला की गच्चीवरचा माणूस दचकायचा. त्याच अक्कांच्या घशात आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मला रडत बसणं जमत नाही. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत मी फोन घेऊन अक्कांसमोर बसले आणि त्यांचं बोलणं भरून घ्यायला लागले. जखम भरली की एका टॅबवर चित्रं लावायची, अक्कांनी बोट ठेवलं की त्यांचाच आवाज यायचा, अशी माझी योजना होती. ‘जेवलास का’, ‘गॅस बंद कर’, ‘दार लाव’, प्रत्येकाला मारायची हाक, नातवंडांना द्यायचा आशीर्वाद. थोडा वेळ अक्कांनी निमूट सांगितलं ते म्हटलं. मग भडकल्या.

“एवढंच घेऊन काय करू ग? शिव्या पण घे की! शिव्यांशिवाय मी घर कसं चालवू?”

मग काय, शिव्यांचंही रेकॉर्डिंग झालं. त्यात अक्का रंगल्या. भाऊजी मधे डोकावून काहीतरी खटपट करायला लागले, तर त्यांच्यावर खऱ्याच ओरडल्या, “तुला किती वेळा सांगितलं, विचारून करत जा म्हणून? सुम्ने बस!” सुम्ने म्हणजे गुपचूप. घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य, तेही मी ठेवून दिलं. आम्ही सगळे हसलो होतो.

ऑपरेशन झालं. अक्का घरी आल्या, गळ्याला स्कार्फ आणि हातात पाटी. पाटीवर लिहून ओरडता येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. रेकॉर्डिंग ऐकायचं का विचारलं की हाताने ‘नंतर’ म्हणायच्या. ते सगळं मी फोनवरून काढून हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. इंटरनेटवर चढवायला अक्कांचीच सक्त मनाई, ‘माझा आवाज गावभर नको.’ म्हणजे अक्कांचा आवाज जगात एकाच जागी होता, आमच्या हॉलमधल्या एका डिस्कवर. म्हणूनच मी त्या आठवड्यात नवी डिस्क विकत आणली होती.

नेमकं तेव्हाच भाऊजींना त्या कॉम्प्युटरवर आणखी एक ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती, कुठल्याशा कोर्ससाठी. त्यासाठी मोठ्या डिस्कचे दोन भाग करायचे होते. करा ना, माझी काही हरकत नव्हती. पण त्याची एक रीत आहे. आधी असेल-नसेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. तिथे ते उघडतंय का ते उघडून बघायचं. मग जुना भाग न पुसता नुसता आक्रसून घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेतच नवा भाग पाडायचा. नांदत्या घरात मधे भिंत घालताना माणूस आधी सामान हलवतो, तेवढीच अक्कल याला लागते. वेळ लागतो, कंटाळा येतो, पण कुणाचं काही जात नाही.

हे मी भाऊजींना समोर बसवून सांगितलं होतं. “अहो भाऊजी, मी आधी अक्कांचं नव्या डिस्कवर घेते. तोवर हात लावू नका.”

“सरी, सरी,” म्हणाले, म्हणजे ठीक आहे. आणि वर, “दोन मिनिटांचं काम आहे, वैनी. किती घाबरता!”

शनिवार असूनही माझी मीटिंग निघाली. मी वरच्या खोलीत कानात हेडफोन घालून बसले होते. जिन्यातून भाऊजींची हाक आली, “वैनी, अक्काचं काय?”

डिस्कचे भाग पाडायचा तो स्क्रीन मला पाठ होता. त्यावर दोन ओळी दिसतात, वर कॉम्प्युटरमधलीच एक छोटी डिस्क, खाली अक्कांचा आवाज असलेली मोठी. मला वाटलं, अक्कांचं कुठल्या डिस्कवर आहे ते विचारतायत, निदान विचारतायत तरी. मी माइक बंद केला आणि ओरडले, “अक्कांचं खाली आहे! खाली!”

“सरी!” खालून उत्तर आलं. मी पुन्हा मीटिंगमध्ये बसले.

माझ्या मराठीत खाली म्हणजे खाली, वर नाही ते. इथे सगळ्या बेंगळुरूत खाली म्हणजे रिकामं. डबा खाली, बस खाली, सिलिंडर खाली. माझ्या ‘खाली’ला हे लोक कानडीत केळगे म्हणतात. भाऊजींनी ऐकलं ते असं, की वैनीने अक्कांचं सगळं हलवलं, डिस्क रिकामी आहे. मग रिकाम्या डिस्कला आक्रसत कोण बसतंय? त्यांनी सगळा भाग पुसला आणि दोन नवेकोरे पाडले. दोन मिनिटांचं काम!

मीटिंग संपवून मी खाली आले. भाऊजी शीळ घालत होते. स्क्रीनवर त्यांची नवी सिस्टिम चढत होती, मोठ्या डिस्कवर.

“अक्कांचं कुठाय?”

“तुम्ही हलवलं ना?”

मी आधी भिंतीतून प्लग उपटला. मग बोलले. आयुष्यात इतकी कधी बोलले नव्हते. भाऊजी एकच धरून बसले, “तुम्हीच म्हणालात ना, खाली आहे! दोनदा म्हणालात!”

“अहो, निम्म्याहून जास्त भरलेली दिसत होती ना डिस्क? डोळे आहेत ना तुम्हाला? पुसताना मशीनने विचारलं असेल, सगळं जाईल, पुढे जायचं का म्हणून. विचारलं का नाही?”

“विचारलं.”

“मग?”

“ते कोण वाचतंय, वैनी.”

एवढ्या मोठ्या घरात थांबून विचारावंसं वाटलं ते एका मशीनला, आणि या गृहस्थांनी त्याला ‘होय’ म्हणून टाकलं! तेवढ्यात माझा नवरा हातात कॉफीचा पेला घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, “जाऊ दे ग. भाषेचा घोळ झाला. कुणाचीच चूक नाही.”

भाऊजींपेक्षा मला त्या वाक्याचा संताप आला. भाषेचा घोळ म्हणे! भाषा काय बटण दाबायला आली होती? खाली म्हणजे काहीही असू दे, वर जिना चढून यायला काय पाय मोडले होते? कुणाचीच चूक नाही म्हटलं की सगळे मोकळे. मी नवऱ्याला म्हटलं, “तुझ्या आईला सांग हे. जा, तिच्या तोंडावर सांग.”

सांगायला कुठे जावं लागलं नाही. अक्का दारात उभ्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं, ‘काय झालं?’

“काही नाही अक्का, स्वल्प प्रॉब्लेम,” भाऊजी म्हणाले.

स्वल्प! मीच पुढे झाले आणि सांगून टाकलं, “अक्का, तुमचा आवाज पुसला गेलाय.” अक्कांनी पाटी टेबलावर पालथी ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. पुसलेलं सगळंच लगेच नष्ट होत नाही, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच पडून असतं, हे त्यांना सांगायचं माझ्या तोंडातच राहिलं.

रविवारी सकाळी मी ती डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही, फक्त वाचायचं आणि सापडेल ते नव्या डिस्कवर ठेवायचं. भाऊजी मदत करू का विचारायला आले. “हात लावाल तर याद राखा,” मी म्हटलं, आणि अहो म्हणायची तसदी घेतली नाही.

भाऊजींचे सिनेमे परत आले. एकूण एक, न तुटता. लग्नाचे व्हिडिओ आले, कुणाकुणाच्या बारशाचे फोटो आले. त्यांची ती सिस्टिम जिथे चढली होती तिथेच अक्कांचं बरंचसं होतं. ‘जेवलास का’ गेलं. हाका गेल्या, माझीही गेली. नातवंडांचा आशीर्वाद गेला. आवाजाच्या उरलेल्या फायली बिननावाच्या, त्यात नुसती खरखर. मी एकेक लावून बघत होते.

अक्का कधी येऊन शेजारच्या खुर्चीत बसल्या ते कळलं नाही. एक हात स्कार्फवर. मी पुढची फाईल लावली आणि हॉल दणाणला.

“तुला किती वेळा सांगितलं, वि—”

तुटलं. पुढे काही नव्हतं. ऑपरेशननंतर अक्का पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला आणि तेवढंच पुन्हा लावलं. “तुला किती वेळा सांगितलं, वि—”

भाऊजी धावत आले, लहानपणापासून या वाक्याला येतात तसे. समोर उभे राहिले, मान खाली. अक्कांनी त्यांच्याकडे बघत पुन्हा लावलं. वाक्य तुटलं तिथून पुढे अक्कांचे ओठ हलायला लागले. चेहरा लाल झाला, गळ्याची शीर ताठली, बोट भाऊजींवर रोखलेलं. पुढचे शब्द आम्हा सगळ्यांना पाठ होते, पण कुणी म्हटले नाहीत. अक्कांनी एकटीने वाक्य पुरं केलं, अगदी ‘सुम्ने बस’पर्यंत. आवाज अजिबात नव्हता.

भाऊजी बसले.