ठसक्याची रंगीत तालीम

आमच्या गावच्या वणवा दक्षता समितीची मी अध्यक्षा आहे, आणि घरचं वर्षभराचं तिखट मी एका सकाळी जाळून टाकलेलं आहे. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे.

काशीदच्या अलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमचं गाव. डोंगराच्या पायथ्याचं अगदी शेवटचं घर आमचं. आदल्या उन्हाळ्यात वणवा उतरत उतरत थेट आमच्या परसात आला आणि पेंढ्याची अख्खी गंजी फस्त करून गेला. सासूबाई हंड्याने पाणी मारत होत्या, आमचे हे ओल्या गोणपाटाने आग झोडपत होते आणि मी "आई गं, मेले गं!" करून ओरडत होते. (ज्याने त्याने आपापल्या परीने हातभार लावला.) तेव्हापासून डोंगरावर नुसतं कुणी विडी ओढताना दिसलं तरी मी हंडा भरून ठेवायचे.

अशात वनखात्याचे साहेब आले आणि म्हणाले, "या पट्ट्यासाठी एक ब्लोअर आलाय. पाठीला अडकवायचा आणि वाऱ्याच्या झोताने वणवा विझवायचा. भोंगा वाजल्यावर जे गाव झटपट रिकामं होऊन किनाऱ्यावर जमेल, त्याला देऊ." मी मनात म्हटलं, तो ब्लोअर मला पाहिजे म्हणजे पाहिजेच! पुन्हा गंजी जळताना बघायची माझ्यात ताकद नव्हती. अध्यक्षपदाला मी स्वतःहून हात वर केला. दुसरा हात वर नव्हताच, त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

आमच्याशी स्पर्धेत होती शेजारची वाडी. तिथली अध्यक्षा कोण? माझी सख्खी नणंद, शारदावन्सं! त्यांची तालीम आधी झाली. माणसं म्हणे रांगेत आली, गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून. लगेच वन्संचा फोन.

"वहिनी, आमचं झालं हो. साहेब खूश! आता तुमचं बघू या."

त्या 'बघू या'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (वणव्याच्या कामाला ती उपयोगी नव्हती, तरी गेली.)

मी विहारासमोर सभा घेतली. खणखणीत आवाजात सांगितलं, "भोंगा वाजला की हातातलं काम जिथल्या तिथं सोडायचं आणि किनारा गाठायचा. आणि हे कोरड्या गवताचे दिवस. उघड्यावर चूल पेटवायची नाही म्हणजे नाही!"

बकऱ्या पाळणारे भिकादादा उठले. "वणवा खरा हाय का?"

"न्हाय दादा, तालीम हाय."

"मंग खोट्या वणव्याला खरं कशाला पळायचं?"

सभेला ते एकदम पटलं. सुमनकाकू तर म्हणाल्या, "सकाळी माझ्या भाकऱ्या असतात. तव्यावरची भाकरी टाकून मी माझ्या नवऱ्यासाठी उठले न्हाय, भोंग्यासाठी उठते व्हय?"

तालमीची सकाळ उजाडली आणि सासूबाईंनी बॉम्ब टाकला. "दुपारी मुरुडला डंकावर आपला नंबर हाय. मिरच्या अजून भाजायच्यात."

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून आणतात. डंकावरचा नंबर चुकवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त चुकवणं. आता एवढ्या मिरच्या घरात भाजल्या तर घरातच कुणी राहणार नाही. मी इकडे तिकडे बघितलं आणि परसात, उघड्यावर, तीन दगडांची चूल पेटवली. (होय, अध्यक्षांनीच!) मोठी कढई चढवली, मिरच्यांचा पहिला घाणा टाकला, आणि भोंगा वाजला.

"अहो, मिरच्यांकडे बघा!" एवढं ओरडून मी किनाऱ्याकडे सुटले.

किनाऱ्यावर साहेब होते, शेजारच्या गावच्या निरीक्षक म्हणून वन्सं होत्या आणि मी होते. बाकी वाळू. भोंगा रडून रडून दमला, पण गावातून कुत्रंसुद्धा आलं नाही. साहेब घड्याळ बघत होते. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. धरणीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दोन माणसं धावत येताना दिसली. मला इतका आनंद झाला! जवळ आल्यावर बघते तो आमचे हे आणि सासूबाई.

"अहो, मिरच्या?"

"तूच म्हणालीस ना, काम जिथल्या तिथं सोडायचं? सोडलं."

"कढई खाली उतरवलीत ना?"

"जिथल्या तिथं म्हणालीस!"

"आणि पळताना याचा पाय लागला," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "बाकीच्या मिरच्यांचं सगळं सूप चुलीत उपडं झालं."

अख्ख्या गावात माझं भाषण मनावर घेणारी दोनच माणसं निघाली, आणि ती नेमकी माझ्या घरातली!

सकाळचा मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. तो आमच्या परसातून निघाला तो वर्षभराचं तिखट घेऊनच निघाला. आधी एक ठसका ऐकू आला. मग दहा. मग सगळं गाव एका सुरात खोकायला लागलं आणि दारं धडाधड उघडली! अर्धी दाढी केलेले सरपंच आले. दोन्ही हातांना पीठ घेऊन सुमनकाकू आल्या, भाकरी तव्यावरच सोडून! भिकादादा "आयला, खरा हाय रं!" ओरडत आले आणि त्यांच्या बकऱ्या त्यांच्याही पुढे आल्या. होमस्टेमधलं मुंबईचं जोडपं टूथब्रशसकट आलं. आणि इतक्या शिस्तीच्या आमच्या वन्सं? त्या साडीसकट गुडघाभर पाण्यात शिरून तोंड धूत होत्या!

मला मात्र काहीच गोड लागेना. उघडी चूल, शेजारी नवी गंजी आणि हा वारा! पदर तोंडाला लावून मी गर्दीच्या उलट दिशेने घराकडे पळाले. हेही पाठोपाठ आले. बघतो तर मिरच्यांचा कोळसा झालेला, कढई काळीठिक्कर, सुपाची राख. पण गंजीच्या काडीलाही धग लागलेली नव्हती. ह्यांनी चुलीवर दोन हंडे ओतले आणि मी तिथंच बसून घळाघळा रडले. त्यात निम्मी मिरची होती, निम्मी मी होते.

परत किनाऱ्यावर आलो तेव्हा साहेबांचे डोळे लालबुंद झाले होते, पण चेहरा फुललेला.

"ताई, कमाल केलीत! एक माणूस घरात राहिलेला नाही. धूर डोंगराच्या बाजूने, तोही वाऱ्याची दिशा धरून! ही कल्पना कुणाची?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. "साहेब, ही आमची बाई म्हणजे..."

"सासूबाईंची!" मी घाईघाईने म्हटलं. "कल्पना सासूबाईंची!"

सासूबाईंनी एकदा मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग पदर सावरला. "व्हय. म्या म्हटलं, करायचं तर खऱ्यासारखं करा."

टाळ्या पडल्या! ब्लोअर आमचा झाला! पुढच्याच महिन्यात डोंगराच्या धारेवर वणवा दिसला, तेव्हा भिकादादांनी तो पाठीला लावून पोरांबरोबर चढ चढला आणि आग अर्ध्या डोंगरावरच आडवी केली. आमची गंजी जागची हलली नाही. त्या दिवशी मी गावभर पेढे वाटले. संध्याकाळी वन्सं स्वतः मसाल्याची बरणी घेऊन आल्या. "घ्या वहिनी," त्या म्हणाल्या, "ब्लोअर तुमचा, मसाला आमचा." वर्षभर आम्ही त्यांचंच तिखट खाल्लं, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आता थळपासून आगरदांड्यापर्यंत कुठेही तालीम असली की मला बोलावणं येतं. मी हार घालून घेते, खुर्चीवर बसते आणि आगीपासून गाव कसं वाचवावं यावर तासभर बोलते. आणि घरी आले की सासूबाई मला अजूनही एकटीला गॅस पेटवू देत नाहीत.