धुळीवर गूळ

तीसेक वर्षं भिवंडीत बातमीदारी केली. छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी वड्याखाली जाते. संपादकांनी कापलेली मात्र डोक्यात बसून राहते, आणि अशा कापलेल्यांचा माझ्याकडे ढीग साचलाय. त्यातला निम्मा मोमीन मॅडमच्या दवाखान्यातला. मॅडम छातीच्या डॉक्टर. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली भंगारवाला. चार मित्र जमले की गप्पांत मी फिरून त्याच दवाखान्यावर येतो.

*

पहिल्यांदा गेलो तो माझाच खोकला घेऊन. मी जरा तावातावानंच विचारलं, लूमवरची सुताची धूळ, ट्रकचा धूर, सगळं रोज नाकात जातं. तरी आम्ही जिवंत कसे?

मॅडमनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. भंगारवाला हातगाडीवरून डबे, पत्रे, तुटकी खुर्ची उतरवून घेत होता. त्या म्हणाल्या, फुप्फुसात अशाच पेशी फिरत असतात, मॅक्रोफेज नावाच्या. त्यांच्या अंगावर गळासारखे आकडे असतात, त्यांना म्हणतात स्कॅव्हेंजर रिसेप्टर. जंतू, मेलेली पेशी, धूळ, आकड्याला जे लागेल ते ओढायचं आणि गिळायचं. हे शिकवावं लागत नाही, त्याला लस लागत नाही, जन्मतःच येतं.

‘निवड करत नाहीत?’ मी विचारलं.

‘करतात. पण भंगारवाल्यासारखी. नको म्हणायची सवय नाही.’

*

हेच मॅडमनी एका लूमच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना हिंदीतून समजावलं. बारा तासांची ड्युटी करून निघालेला एक कारागीर भिंतीला टेकून ऐकत होता. शेवटी त्यानं हात वर केला.

‘मॅडम, इन लोगों की छुट्टी कब होती है?’

‘नहीं होती,’ मॅडम म्हणाल्या.

तो शेजारच्याला म्हणाला, ‘देख, अंदर भी अपनेइच लोग भरे हैं.’

*

काल्हेरचे काशिनाथ शेठ. बापजाद्यांची भातशेती होती, तिथं आता त्यांची गोदामं. छातीत दुखतं म्हणून आले. मॅडमनी हृदयाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली आणि लिहिता लिहिता सांगितलं, खराब झालेली चरबीसुद्धा याच पेशी गिळतात. पोट भरलं तरी आकडे थांबत नाहीत. मग त्या फुगतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकून बसतात.

शेठ गंभीर झाले. ‘म्हंजे ज्याला थांबायचं कलत न्हाय, तोच वाट अडवतो.’

मी बाकावरून म्हणालो, ‘शेठ, तुमच्या कंटेनरांनी कशेळीच्या रस्त्यावर तेच केलंय.’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मॅडमनी त्यांचं बीपी परत मोजलं.

*

याच शेठच्या दापोड्याच्या गोदामात हिराबाई झाडू मारायची. काचेच्या कारखान्यांना जाणारी दगडाची पांढरी भुकटी तिथं गोण्यांतून यायची. गोणी फुटली की सांडलेली भुकटी झाडून पुन्हा भरायची, हे तिचं काम. तोंडाला पदर. आणि संध्याकाळी प्रत्येकीला गुळाचा खडा. गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते, अशी तिथली समजूत. शेठ स्वतःच्या हातानं वाटायचे, अगदी मनापासून.

हिराबाईनं टीबीची औषधं दोनदा पुरी केली होती. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. मॅडमनी तिचा छातीचा फोटो उजेडावर धरला, कुठं काय झाडता, किती वर्षं, ते विचारलं, आणि कागदावर लिहिलं: दगडाच्या धुळीचा आजार, सिलिकोसिस. झाडूचं काम बंद करावं.

हिराबाईला एवढंच हवं होतं, की झाडू सुटावा आणि काम राहावं. सुपरवायझरनं कागद परत पाठवला. निरोप असा की जुना टीबी आहे, घरी बसा.

‘मॅडम, घरी बसून खाऊ काय?’ ती म्हणाली. ‘आन टीबी मला न्हायच. तुमी लिवलंय तेच खरं हाय.’

*

मी बातमी लिहिली. गोदाम, भुकटी, कागद, गूळ, सगळं. सकाळी पेपर उघडला तर बातमी आरोग्याच्या पानावर, गोदाम गायब, कागद गायब, आणि मथळा: ‘खोकल्यावर गुळाचा उतारा’.

ऑफिसात जाऊन मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. पण खरा कडेलोट पुढे झाला. शेठनी ते कात्रण गोदामाच्या दारावर चिकटवलं.

*

मग मी शेठनाच दवाखान्यात घेऊन आलो, तोच पेपर काखेत मारून. समोरच्या बाकावर हिराबाई.

मॅडम म्हणाल्या, गूळ जातो पोटात आणि धूळ जाते छातीत, रस्तेच वेगळे. दगडाचा कण आला की पेशीचा आकडा त्याला धरतो, पेशी गिळते. पण दगड पचत नाही. पेशी मरते, कण जसाच्या तसा बाहेर पडतो. मग दुसरी येते, तोच कण गिळते, तीही मरते. अशा जागा सुजत जातात, कडक होतात, आणि श्वास आखडतो.

शेठनी हिराबाईकडे बघितलं. मग म्हणाले, ‘पयलीचं काय झालं ते दुसरीला दिसत न्हाय?’

‘दिसलं तरी करणार काय? तिचं काम तेच आहे.’

शेठनी तिथूनच सुपरवायझरला फोन लावला. हिराबाई उद्यापासून लेबलं चिकटवायला बसेल, आणि दारावरचं ते कात्रण काढा. माणूस वाईट नव्हता. हिराबाईनं मॅडमचा कागद घडी करून कमरेला खोचला. मी जिना उतरताना शीळ घालत होतो, हे कबूल करतो.

*

आठवड्यानं हिराबाई परत आली. बोटांना लेबलांचा डिंक, चेहऱ्यावर तरतरी. सोबत विशीतली एक धडधाकट बाई, मुठीत गुळाचा खडा.

मॅडमनी विचारलं, खोकला कोणाला आहे?

‘कुनाला न्हाय,’ हिराबाई म्हणाली. ‘ही माझी धाकटी जाऊ. झाडू आता हिच्याकडं दिलाय.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘मग हिला इथं कशाला आणलंत?’

‘हिचा फोटो काढा, मॅडम. आजच, छाती कोरी हाय तवर. मागनं कुनी जुना टीबी म्हनायचा न्हाय.’ मग जावेला पुढं ढकलत म्हणाली, ‘आन तारीख मोठी टाका.’