घरचे म्हणजे कोण

नातवंडांनो, तुमची मामेबहीण आता पाच वर्षांची आहे. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या या फ्लॅटमध्ये ती माझ्यासमोर एकेक शब्द शिकते आणि मी ते वहीत टिपून ठेवते. 'घरचे' या शब्दाला वर्ष लागलं.

आधी घरचे म्हणजे जे बेल न वाजवता आत येतात. त्यामुळे समोरच्या गुजराती बा घरच्या होत्या आणि तिचे वडील, म्हणजे तुमचे मामा, नव्हते. हजीऱ्याच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून ते बेल वाजवूनच आत येतात. ही चूक मी दाखवली. मग घरचे म्हणजे ज्यांचा ब्रश बाथरूममध्ये असतो. हे मला बऱ्यापैकी वाटलं, म्हणून सोडून दिलं.

गेल्या श्रावणात तुमची आई सहा वर्षांनी माहेरी आली. तेव्हाच कानबाईचा सण होता. आपल्या खानदेशी घरांत कानबाईचा प्रसाद म्हणजे गव्हाचे रोट. ते फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि लग्न झालेली मुलगी बाहेरची. सासूबाईंनी मला हे सांगितलं, मी चाळीस वर्षं पाळलं. तुमची आई लहानपणी रोटासाठी सगळ्यांच्या आधी पाटावर येऊन बसायची.

तिच्या ताटात मी पोळी वाढली.

"आत्याला रोट?" छोटीने विचारलं.

"रोट घरच्यांनाच असतो," मी म्हटलं.

"तिचा ब्रश आहे. निळा. मी पाहिलाय."

"मी पाहुणी आहे गं," तुमची आई म्हणाली. "लग्न झालं ना माझं."

"मम्मीचं पण झालंय."

"मम्मी लग्न होऊन या घरात आली. मी गेले."

तुमच्या आईने पोळीला हात लावला नव्हता. छोटी बराच वेळ खालचा ओठ दातात धरून बसली. नवीन अर्थ बसवताना ती असंच करते.

"मग माझं लग्न झालं की मी पण बाहेरची?"

तुमचे मामा खिरीकडे बघत राहिले. अर्थ सांगायचं काम या घरात माझ्याकडे आहे. तिला शब्द पूर्ण कळला होता, मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी उठले. रोट आणला आणि तुमच्या आईच्या ताटात ठेवला.

"आई, चालतं का पण?" तुमच्या आईने विचारलं.

"खीर निवतेय," मी म्हटलं. "खा."