देवीचा मुखवटा आणि टपालाचं पाकीट

त्या जमावाचा आवाज अजून माझ्या कानांतून गेलेला नाही. नोकरीत मी मोर्चे अडवले, दंगली पाहिल्या. पण नवापूरच्या पुढच्या त्या मच्छीमार गावात वाटली तशी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

मी तेव्हा बोईसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"सायेब, लवकर या. देवीचा चांदीचा मुखवटा गेलाय. लोकांनी एकाला धरलाय. माजं कोण आयकत नाय."

ठाणे अंमलदाराला नोंद घेऊन कुमक मागवायला सांगितलं आणि हाताशी होती ती माणसं घेऊन निघालो. त्या दिवसांत चोरांच्या टोळ्या फिरत असल्याचे निरोप मोबाईलवर रोज येत होते. अनोळखी चेहरा दिसला की लोक गोळा व्हायचे.

बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली साठी उलटलेला एक गृहस्थ पडला होता. चष्मा फुटलेला, एक हात लोंबत होता. जमावाच्या पुढे एक तरुण वल्हं उगारून उभा होता.

"याला आमच्याच ताब्यात ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमी त्याला सोडून द्याल."

पिस्तुलाला हात लावला असता तर आमच्यापैकी कोणी धड परतलं नसतं. मी ओरडून म्हणालो, "हा मेला तर मुखवटा कुठे आहे ते कोण सांगणार?"

लोक घुटमळले. तेवढ्यात आम्ही त्याला उचलून गाडीत घातलं. गाडी वळताना मागची काच दगडाने फुटली.

फौजदाराला पंचनाम्यासाठी मागे ठेवलं होतं. दवाखान्यातून त्या गृहस्थाला ठाण्यात आणेपर्यंत अर्धं गाव आमच्या फाटकाशी येऊन बसलं होतं.

त्याच्या पिशवीत मापाची टेप, देवळाची रेखाटनं आणि मुखवट्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो निघाले. मुखवटा कुठे ठेवला, असं विचारलं की तो एकच बोलायचा, "मला परत तिकडे नेऊ नका."

"हाच आहे, साहेब," माझा हवालदार म्हणाला. मलाही तसंच वाटू लागलं होतं. पण घाबरलेला निरपराध माणूस पुष्कळदा गुन्हेगारासारखाच दिसतो, हे मी जाणून होतो. मी चहा मागवला, मुखवट्याचा विषय सोडला आणि विचारलं, "एवढी चित्रं कशासाठी काढलीत?"

मग तो बोलू लागला. पालघरला राहणारा, निवृत्त ड्राफ्ट्समन. टपाल खातं एखाद्या मंदिरावर, किल्ल्यावर विशेष पाकीट काढतं. त्यावर त्या जागेचं चित्र आणि खास शिक्का असतो. अशी पाकिटं तो उभा जन्म जमवत आला होता. या देवीचंही पाकीट निघावं म्हणून त्याने अर्ज केला होता. टपाल कार्यालयात फोन लावला; अर्ज खरा होता.

"मग आज कशाला आलात?"

"पूजा करणाऱ्या आजींना पक्का नमुना दाखवायला. मागच्या खेपेला कच्चा दाखवला होता. त्यांनी विचारलं, हे किती लोकांकडे जाईल? मी म्हटलं, आजी, तुमची देवी देशभर जाईल."

"त्या काय म्हणाल्या?"

"उठून आत गेल्या."

त्याच वेळी फौजदाराचा फोन आला. "साहेब, एक गोष्ट विचित्र आहे. मूर्तीला नवा खण गुंडाळलाय, ताजं कुंकू लावलंय."

चोर चोरी करून देवीला खण गुंडाळत नाही; हे पूजा करणाऱ्या हाताचं काम होतं. महिला शिपायाला घेऊन मी मागच्या रस्त्याने गावात गेलो. म्हातारी घरात भिंतीला टेकून बसली होती. मला पाहताच तिने तांदळाच्या डब्याकडे बोट दाखवलं. मुखवटा आत होता.

"मीच काढला, सायेब. देशभर फोटो गेला तं चोर येतील ना? दुसरा मुखवटा कुठून आणू?"

"आजी, माणूस मरत होता. बोलला का नाहीत?"

"वल्हं घेऊन माजाच लेक उभा व्हता तितं. त्याला बघून माजं तोंडच उघडंना."

पंचांसमोर मुखवटा ताब्यात घेतला आणि म्हातारीसह ठाण्याच्या फाटकावर आणून सगळ्यांना दाखवला. म्हातारीने सगळं स्वतः सांगितलं. तिच्या मुलाने हातातलं वल्हं खाली ठेवलं आणि तो तिथेच रस्त्यावर मटकन बसला. मारहाणीचा गुन्हा मी नोंदवला, त्याचं नाव पहिलं होतं.

या प्रकरणात चोर नव्हताच. म्हातारी घाबरलेली, गाव घाबरलेलं, संशयित घाबरलेला, आणि मीही. तेव्हापासून तपासात कोणी गप्प बसला की तो काय लपवतोय, हे मी नंतर विचारायचो. कोणाला भितोय, हे आधी.

पुढे गावकरी माफी मागायला आणि पाकिटाचं काम पुन्हा हाती घ्या म्हणून विनवायला पालघरला गेले. त्यांच्या आग्रहावरून मीही गेलो. म्हातारी पुढे होती. त्या गृहस्थांनी जाळीच्या दाराआडून आमचं सगळं ऐकून घेतलं. राग नाही म्हणाले, अर्ज मागे घेतलाय म्हणाले. बायकोला सगळ्यांसाठी पाणी आणायला सांगितलं.

पाण्याचे पेले खिडकीतून एकेक करून बाहेर आले. दार काही त्यांना उघडवलं नाही.