बेकरीची व्हॅन आणि आमचे भाऊजी

आमच्या ताईच्या नवऱ्याला सगळं गॅरेज कानसेन म्हणायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "तिसरा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तोच!

अलीकडे मात्र त्यांना कमी ऐकू येत होतं. ताईला ते ठाऊक होतं, पण घरात त्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. "मळ साचलाय," म्हणून कानात कोमट तेल घालून घेत. लोखंडातली खडखड हाडातून अजून पोचायची, त्यावर निभावत होतं. हवेतला बारीक आवाज मात्र त्यांच्यापुरता संपला होता.

गॅरेज भाऊजी आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, पण शब्द चालायचा धाकट्याचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. एका सकाळी बेकरीची जुनी व्हॅन आली. रेस दिली की बरी चालायची, पाय काढला की अंगात आल्यासारखी थरथरायची आणि चौकात थांबली की बंद. धाकट्याने बॉनेट वर केलं, तर पार फाटकाजवळच्या पेंटरलाही ऐकू आलं. फुस्स. कुठेतरी पाइप चिरला होता. धाकट्याने सगळ्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि भाऊजींना मोठ्याने हाक मारली.

"दादा, ही तुमची. जेवणापर्यंत खोट काढलीत तर इंजिनाचं काम तुमच्याकडे. नाहीतर उद्यापासून बाहेर हवेच्या पंपावर बसायचं."

"मला परीक्षा? तुला पाना धरायला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. म्हणून तर पेपर सोपा काढलाय."

भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. लोखंडात काही नव्हतंच, तरी मान डोलवून म्हणाले, "कार्ब्युरेटर." उघडला, धुतला, बसवला. गाडी सुरू झाली, थरथरली, बंद पडली. मग प्लग काढून घासले. पुन्हा तेच. पेंटर आणि वेल्डर चहाचे ग्लास घेऊन स्टुलांवर बसले होते.

"कानसेन, आज कुठला राग आळवताय?" पेंटर म्हणाला.

भाऊजींना फक्त त्याचे हसरे ओठ दिसले. कौतुक समजून तेही हसले. मग सगळेच हसले. धाकटा सर्वांत जास्त.

ताई डबा घेऊन पोचली तेव्हा भाऊजी घामाने निथळत होते आणि इंजिन कसंबसं धडधडत होतं. तिला या परीक्षेचं काही माहीत नव्हतं. स्वयंपाकघराबाहेरचं यंत्र तिने कधी हाताळलेलं नाही. जवळ जाऊन, नेहमीप्रमाणे त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती बोलली, "अहो, मागून कुकरची शिट्टी गळते तसं वाजतंय की!"

वेल्डरच्या नाकातून चहा आला.

भाऊजींनी बायकोकडे बघितलं, मग त्या स्टुलांकडे. तिने सांगितलं तिथे, इंजिनामागे, हात घातला. इंजिनातून ब्रेककडे जाणारा हवेचा रबरी पाइप खालून चिरला होता. अंगठा त्या चिरेवर दाबताच व्हॅन शांत, सुरळीत चालू लागली.

"काढली की खोट!" ताई आनंदाने म्हणाली.

"वहिनीने काढली," धाकटा भाऊजींच्या कानात ओरडला. "दादा, पंपावर सावली कमी आहे, टोपी आणा."

पाइप बदलून मगच भाऊजींनी हात पुसले. डबा तसाच राहिला.

आता ते गॅरेजबाहेर हवा भरतात. काटा डोळ्यांनी बघायचा असतो, त्यात चूक होत नाही. पेंटर येता-जाता तोंडाने फुस्स करतो, त्यांना ऐकू येत नाही, म्हणून आता समोर येऊन गाल फुगवून करतो.

धाकट्याशी ते बोलतात, पेंटरशीही. ताईशी मात्र त्या दुपारपासून एक शब्द बोललेले नाहीत. डबा हातातून घेतात, पण तोंड वळवून. ती देवापुढे बसते तेव्हा मी पुष्कळदा शेजारी असते. आधी मागायची, यांचे कान बरे कर. आता तेही मागत नाही. म्हणते, "बरे झाले तर त्या दिवशीसारखं हसूही ऐकू येईल गं त्यांना."

मी हात जोडते. पण तिच्यासाठी काय मागावं, तेच सुचत नाही.