झाकल्या खोक्यांचा भाव

क्लिफर्ड बॅग्शॉच्या हाताला आमच्या चेस्टरफील्डात तोड नव्हती. एकोणचाळीस वर्षं सुतारकी केली, पण दार कुरकुरतंय म्हणून एक गिऱ्हाईक परत आलं नाही. लाकडात त्याचा जीव फक्त ओकवर. पाइनचं नाव काढलं की नाक मुरडायचा. "पाइन शवपेटीला ठीक," म्हणायचा, "तिथलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही." अशा माणसाने निवृत्त झाल्यावर मुकाट परसात कांदे लावावेत, बायकोला समुद्रावर घेऊन जावं. पण सुखाचा जीव दुःखात घालायची हौस कुणाला नसते? ह्याला शिशाच्या सैनिकांनी झपाटलं.

सैनिक म्हणजे बोटाएवढे. शिशाचे, वर रंग दिलेले, आमच्या आजोबांनी लहानपणी सतरंजीवर मांडून लढवलेले. त्यातलाच एक जुना खोका लंडनच्या लिलावात मोटारीच्या किमतीला गेला, ते पेपरात छापून आलं, आणि गावातल्या निवृत्त मंडळींची झोप उडाली. जो तो माळे धुंडाळायला लागला. क्लिफर्डच्या हातात नुकतीच निवृत्तीची सगळी रक्कम पडली होती. ती खरं तर मेबलथॉर्पच्या बंगल्याची. डोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, बंगला हेरूनसुद्धा ठेवला होता. दोन खोल्यांचा, समुद्राकाठी. स्वयंपाकघराच्या खिडकीत टाचा उंचावून उभं राहिलं की समुद्र दिसायचा.

"पाच वर्षं थांब," क्लिफर्ड तिला म्हणाला. "पैसे दुप्पट होतील. मग असा बंगला घेऊ की टाचासुद्धा उंचवायला नकोत."

त्याला नऊ वर्षं झाली. मधल्या काळात डोरीनचे गुडघे गेले, त्यामुळे टाचांचा प्रश्न तसाही निकालात निघाला. भाव मात्र खरंच चढत होता आणि क्लिफर्ड दर वर्षी म्हणत होता, "आत्ता विकणं म्हणजे मूर्खपणा. पुढच्या वर्षी बघ."

असे वेडे गावात आठ होते. दर गुरुवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये त्यांचं मंडळ जमायचं. अध्यक्ष आर्थर ओल्डरॉइड. बँकेत रोखपाल होता, बंदूक उभ्या जन्मात हातात धरली नव्हती, तरी सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. मंडळाचा एकच धर्म: खोका उघडायचा नाही. दुकानातून निघताना खोक्याभोवती कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. पट्टी शाबूत, म्हणजे आतल्या सैनिकाला कुणाचा हात लागलेला नाही. पट्टी फाटली की भाव निम्मा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ह्या लोकांनी जितकं मनावर घेतलं तितकं आपण कुणी घेतलं नसेल. खोका कानाशी धरून हलकेच हलवायचा, नारळ घेतो तसा, आणि मान डोलवायची. बाकी सैनिक कुणी पाहिले होते? वरची चिठ्ठी वाचून एकमेकांवर जळायचे, झालं.

एवढा ऐवज फळीवर उघडा कसा ठेवायचा? क्लिफर्डने त्याच्यासाठी ओकचं कपाट केलं. काय कपाट होतं! दार लोटलं की आत श्वास जायचा नाही. कॅप्टनने ते पाहिलं मात्र, त्याला तसंच हवं झालं. मग रेज प्लमट्रीला हवं झालं. करता करता सातही जणांच्या घरी क्लिफर्डची कपाटं गेली. मजुरी त्याने घेतली नाही, फक्त लाकडाचा खर्च. दर गुरुवारी कुणीतरी कपाटाची तारीफ करायचं आणि क्लिफर्ड "चालायचंच" म्हणत बिअर प्यायचा. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती.

यंदा मार्चमध्ये मेबलथॉर्पचा तोच बंगला पुन्हा विकायला निघाला. मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाल्या. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन शनिवारी होतं आणि त्याला लंडनचा व्यापारी ग्रीनस्लेड दर वर्षीसारखा येणार होता. क्लिफर्डने छातीवर हात ठेवून सांगितलं, "ह्या शनिवारी सगळे त्रेपन्न खोके विकतो. शब्द देतो."

"गेल्या वर्षीही शनिवारच होता," डोरीन म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

सोमवारी ती कपाट पुसत होती. "क्लिफर्ड, कपाटात तोंड घालून साखरेचे बन खातोस का रे? फळीवर पिठीसाखर सांडलीय. मुंग्या लागतील."

"मी कशाला खाऊ?"

"मग हे काय, पांढरं? मी चाखूनच बघणार होते."

शिसं पोटात गेलं की विष, म्हणून क्लिफर्डने घाईने तिचं बोट धरून नळाखाली घातलं. पांढरी भुकटी एका खोक्याच्या कोपऱ्यातून गळत होती. खोका बावीस क्रमांकाचा, भालेवाले घोडेस्वार. तो टेबलावर ठेवून क्लिफर्ड अर्धा तास नुसता समोर बसला. शेवटी चाकू घेतला आणि पट्टी कापली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या मालकीचा सैनिक पाहत होता. लोणच्यावर बुरशी धरावी तसे बारा घोडे पांढरे झाले होते. एका स्वाराला उचलायला गेला तर मुंडकं चिमटीत आलं आणि धड खाली राहिलं.

मंगळवारी तो खोका घेऊन गावच्या संग्रहालयात गेला. तिथे मिस हॅलम म्हणून बाई आहेत, जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "ठेवले होते कशात?"

"ओकच्या कपाटात. मी स्वतः केलंय," क्लिफर्ड म्हणाला. तेवढ्यातही त्याची मान थोडी ताठ झालीच.

मिस हॅलमनी डोळे मिटून घेतले. "मिस्टर बॅग्शॉ, ओकमधून वर्षानुवर्षं आंबट वाफ सुटत असते. व्हिनेगरच्या जातीची. माणसाला कळत नाही, पण शिशाला ती खाते. आम्ही लोखंडी कपाटाशिवाय शिसं ठेवत नाही. दारं जरा सैल आहेत का? फटी वगैरे?"

"फटी? माझ्या कामात?"

"असत्या तर वाफ निघून गेली असती हो. एखाद्या अडाणी सुताराने ठोकलं असतं ना, तर बरेचसे वाचले असते."

एकोणचाळीस वर्षांत क्लिफर्डला असं कुणी बोललं नव्हतं. तो बसने घरी आला तो कोट न काढताच खुर्चीत बसला. डोरीनने कांद्यावर परतलेली कलेजी पुढे ठेवली, तीही गार झाली.

"त्रेपन्नच्या त्रेपन्न गेले?" तिने विचारलं.

"एकच उघडलाय. पण कपाट तेच, वाफ तीच." मग तो म्हणाला, "डोरीन, ग्रीनस्लेड खोका उघडत नाही. तो ज्याला विकतो तोही उघडत नाही. बावन्न पट्ट्या शाबूत आहेत. शनिवारी दिले, पैसे घेतले, रविवारी मेबलथॉर्प. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि ती सात कपाटं?"

खरा काटा तोच होता. कॅप्टनची, रेजची, सगळ्यांची पुंजी त्याच्याच हातच्या कपाटांत कुजत होती, आणि जितके दिवस तो गप्प बसेल तितकी जास्त कुजणार होती. सांगावं तर शनिवारचा बाजार बसतो, स्वतःचे बावन्न खोकेही मातीमोल होतात आणि बंगला जातो. वर सुतार म्हणून नाव जातं ते वेगळंच.

"मला बंगला हवाय," डोरीन म्हणाली. "पण आर्थरची बायको एनिड मला रोज बसमध्ये भेटते. पुढचं तू बघ." आणि ताट उचलून ती आत गेली.

तो दोन रात्री तळमळला आणि गुरुवारी हॉलमध्ये उभा राहिला. सगळं सांगितलं: भुकटी, ओक, वाफ, घट्ट दारं. बावीस नंबरचा खोका टेबलावर उघडून ठेवला. "चूक माझी आहे. उद्याच्या उद्या खोके बाहेर काढा," म्हणाला. "मला माफ करा."

कॅप्टनने चष्मा पुसला. "बॅग्शॉ, तू किती खोके उघडलेस?"

"एक."

"मग खराब किती निघाले?"

"एक. पण आर्थर…"

"कॅप्टन."

"पण कॅप्टन, बाकीचेही तसेच असणार ना."

"तू पाहिलेस? नाही. आम्ही पाहिले? नाही." कॅप्टन सगळ्यांकडे वळला. "एक ओला खोका कुठून तरी आला, त्यावरून हा आपल्याला पट्ट्या कापायला सांगतोय. पट्टी कापली की भाव निम्मा. मग हा स्वस्तात गोळा करायला मोकळा."

"अरे, मीच केलेली कपाटं आहेत ती. मी कशाला माझ्याच…"

"कपाट उत्तम आहे," रेज प्लमट्री म्हणाला. "माझ्या कपाटाला काही नावं ठेवू नकोस."

मग रीतसर मतं घेतली. बॅग्शॉ यांचं म्हणणं निराधार आहे, मंडळाचा त्यावर काडीचा विश्वास नाही, सातविरुद्ध एक, मंजूर. आयुष्यात पहिल्यांदा क्लिफर्डच्या हातच्या कामाची बाजू लोक घेत होते आणि त्याला रडू येत होतं.

शनिवारी तो एकही खोका न घेता प्रदर्शनाला गेला. डोरीनकडे चहाचं टेबल होतं, चहाच्या पाण्याचा भलामोठा बंब उचलायला कुणीतरी हवं होतं. प्रदर्शनाची रीत अशी, की प्रत्येकाने तीन-चार खोके मांडायचे, ग्रीनस्लेडने भाव विचारायचा, आणि "छे, विकायचे नाहीत" म्हणत दुपारपर्यंत त्याला झुलवायचं. सात टेबलांवर सगळी मिळून पंचवीसेक खोके, त्यातले फार तर दोन विकले जायचे.

क्लिफर्ड बंब घेऊन दारातून आत आला आणि तिथेच थबकला. कॅप्टनच्या टेबलावर खोक्यांची भिंत उभी होती. रेज हातगाडी ढकलत आला होता. एकजण तर भाच्याची भाजीची गाडी घेऊन आला होता आणि अजून उतरवतच होता. सातही जणांनी होते नव्हते ते सगळे खोके आणले होते. सगळ्या पट्ट्या शाबूत, आणि प्रत्येकावर नवीकोरी किमतीची चिठ्ठी. कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

"काय रे रेज," क्लिफर्डने विचारलं, "काडीचा विश्वास नव्हता ना?"

"नाहीच आहे," रेज म्हणाला. "घराला रंग द्यायचाय, जागा हवी होती."

अकराला ग्रीनस्लेड आला. दोन पावलं आत टाकली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. टोपीसुद्धा काढली नाही. चहाच्या टेबलाशी येऊन त्याने डोरीनकडून एक कप घेतला, वीस पेन्स डबीत टाकले आणि उभ्यानेच प्यायला.

"बारा वर्षं येतोय," तो क्लिफर्डला हळूच म्हणाला. "तुमच्या ह्या लोकांकडून एक खोका सोडवायचा म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात. आज सगळेच दुकान मांडून बसलेत. घेणारा कोण आहे इथे?"

"तुम्हीच," क्लिफर्ड म्हणाला.

"मी नाही बुवा," ग्रीनस्लेड म्हणाला. कप खाली ठेवला, चहा छान झाल्याचं डोरीनला सांगितलं आणि निघून गेला. बाहेर त्याची मोटार सुरू झाल्याचा आवाज हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकला.

पहिला तडकला तो कॅप्टन. "हे तुझ्यामुळे झालं, क्लिफर्ड. तू तोंड उघडलंस म्हणून."

"मी तोंड उघडलं तेव्हा तुम्ही ठराव केलात की मी खोटारडा आहे."

"तो ठराव होता. ठरावावर कोण खोके घरात ठेवतं?"

दुपारपर्यंत सगळे तसेच बसून राहिले, आपापल्या भिंतीच्या मागे. दोननंतर सगळा माल पुन्हा गाड्यांत चढला. जाता जाता रेजने क्लिफर्डला बाजूला घेऊन विचारलं, लोखंडी कपाट कुठे मिळतं, एका ओळखीच्या माणसाला हवंय. क्लिफर्डने पत्ता लिहून दिला.

परतीच्या बसमध्ये डोरीन खिडकीशी बसली, मांडीवर रिकामी बनांची टोपली. क्लिफर्डने दोन थांबे जाऊ दिले. मग म्हणाला, "बंगला गेला, डोरीन. मी घालवला. ह्या वर्षी मी खरंच विकणार होतो गं. ते शिसं कुजलं नसतं तर आज आपण…"

"काही नाही," डोरीन म्हणाली. "शिसं ठणठणीत असतं तरी तू विकलं नसतंस. ग्रीनस्लेडने भाव दिला असता आणि तू म्हणाला असतास, आत्ता विकणं म्हणजे मूर्खपणा. बंगला नऊ वर्षांपूर्वी गेला, पहिला खोका घरी आणलास त्या दिवशी. मला तेव्हाच कळलं होतं."

क्लिफर्डने तोंड उघडलं. "तसं नाही" म्हणायचं होतं, शपथही घ्यायची होती. पण समोर ग्रीनस्लेड उभा आहे आणि भाव बोलतोय असं त्याने मनात आणून पाहिलं, आणि शब्द फुटेना.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" शेवटी त्याने विचारलं.

"दर वर्षी म्हणत होते की. तू भाव ऐकत होतास." तिने टोपली त्याच्या मांडीवर ठेवली, कारण तिचे गुडघे दुखत होते, आणि उतरायचा थांबा आला म्हणून घंटेची दोरी ओढली.