ओव्हरड्राइव्ह आणि माझे कान

रविवारी सकाळी मंडळी जमायच्या आधी मी चर्चमध्ये एकटाच असतो. नुकत्याच झटकलेल्या सतरंज्यांचा धुळकट वास असतो, वेदीपाशी ठेवलेला निशिगंध अजून ओला असतो, आणि मी गिटारच्या अँपचं बटण दाबलं की त्या शांततेत एक घुमारा हळूहळू पसरत जातो. तळपायांतून वर चढणारा, पोटाशी येऊन बसणारा तो खर्जातला नाद मला फार प्रिय आहे. वीस वर्षं मी तो ऐकत आलो. अलीकडे मात्र तो ऐकताना मला भीती वाटते. त्याच्या जोडीला आणखी किती नाद त्या खोलीत असतील, जे माझ्यापर्यंत पोचतच नसतील? ही शंका एकदा मनात शिरली, ती आता निघायचं नाव घेत नाही.

आमचं चर्च संत तुकाराम नगरात आहे, लहानसं, शंभरेक माणसांचं. सोमवार ते शनिवार मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला असतो. तिथे पत्र्यावर घणासारखा घाव पडतो आणि क्षणात गाडीच्या दरवाजाला आकार येतो. रविवारी त्याच हातांनी गिटार वाजवतो. आठवडाभराचा गोंगाट त्या एका सकाळी धुऊन निघतो, अशी माझी कित्येक वर्षं भाबडी समजूत होती. गोंगाट असा धुऊन निघत असता तर काय हवं होतं!

या सगळ्याला निमित्त झालं ते हंगामाच्या सणाचं. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक घरानं काहीतरी पिकलेलं आणून वेदीपाशी ठेवायचं असतं. मोशीहून भोपळे येतात, थेरगावच्या फ्लॅटमधल्या कुंड्यांतल्या मिरच्या येतात, एखादी कोंबडीही येते आणि उपदेश चालू असताना मध्येच आपलं मत मांडते. यंदा पाळकसाहेब मला म्हणाले, "शेवटचं कडवं जरा भरून येऊ द्या. सगळी मंडळी उभी राहते तेव्हा नुसतं टिंगटिंग पुरत नाही." म्हणजे मला एक ओव्हरड्राइव्हची डबी घ्यावी लागणार होती.

तुम्ही ही डबी पाहिली नसेल तर सांगतो. तळहातावर मावेल एवढी, लोखंडी, पायानं दाबायची. गिटारचा निर्मळ स्वर तिच्यातून गेला की कडांना किंचित फाटतो, दाट होतो, लांबत जातो. देवाच्या घरात फाटका आवाज कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मनापासून प्रार्थना करणाऱ्या माणसाचा आवाज कधी स्वच्छ राहिला आहे का? आजारी लेकरासाठी गुडघे टेकलेल्या आईचा गळा फाटतोच, आणि त्या फाटण्यातच तिचं सगळं मागणं असतं. फक्त त्याचं प्रमाण नेमकं हवं. कमी पडलं तर कुणाला कळत नाही, वाढलं तर गाणाऱ्यांचे शब्द बुडतात. उपासनेत वाजवणाऱ्यानं मंडळीच्या पाठीशी राहायचं असतं, तिच्यापुढे धावायचं नसतं. ते अंतर मोजायला त्याच्यापाशी कानांवाचून दुसरं माप नसतं.

पिंपरीत रफिकभाईंचं दुकान आहे. मशिदीचा भोंगा आणि गणपती मंडळाचा मिक्सर त्यांच्याकडे एकाच टेबलावर शेजारी शेजारी उघडून पडलेले असतात. त्यांनी माझ्यापुढे तीन डब्या मांडल्या. पहिल्या दोन मला गोधडीत गुंडाळल्यासारख्या वाटल्या. तिसरीचा टोनचा, म्हणजे बारीक वरचे सूर वाढवणारा नॉब मी पार उजवीकडे फिरवला, तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला, उजळला. हीच, असं मनाशी ठरवून मी वर पाहिलं, तर रफिकभाईंनी हातातली सोल्डरची सळई खाली ठेवून कानाशी हात नेला होता.

"भाऊ, ही तर कानात सुई घालतीय. तुम्हाला टोचत नाही काय?"

"हॉल मोठा आहे, रफिकभाई. तिथं एवढं लागतंच," मी म्हणालो.

आमचा हॉल मोठा नाही. मी खोटं का बोललो, ते मला तेव्हा कळलं नाही; की कळलं होतं आणि म्हणूनच बोललो?

शनिवारच्या सरावाला मी ती डबी दाबली तेव्हा मार्थामावशींनी पदर कानावर ओढून घेतला. मावशी आमच्यात सगळ्यांत वयस्कर, आणि वरच्या पट्टीत अजून त्यांच्या तोडीचं कुणी नाही. मला रागच आला. जुन्या माणसांना नवं काही सोसवत नाही, असं वाटून मी चेष्टेनं म्हणालो, "मावशींना आपली पेटीच बरी!" सगळे हसले, मावशीही हसल्या. पण शेवटच्या कडव्याला त्या गाणं थांबवून नुसत्या उभ्या राहिल्या. मी मात्र त्या उजळ स्वरावर खूश होतो.

सोमवारी माझी दुसरी पाळी होती, त्यामुळे सकाळी घरीच होतो. ओट्याजवळ पेपर वाचत बसलो होतो. सहज मान वर केली, तर दुधाच्या कुकरच्या शिट्टीतून वाफेची सरळ धार वर जात होती, जोरात, आणि स्वयंपाकघरात कसलाही आवाज नव्हता. माझी बायको सुलभा जिन्यातून धावत आली, गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. शिट्टी जिन्यापर्यंत गेली होती. माझ्यापर्यंत हातभर अंतर तिला कापता आलं नव्हतं. मावशींचा पदर, रफिकभाईंचा हात, सगळं एकदम समोर आलं. ज्याला मी उजळ स्वर म्हणत होतो, तो माझ्या कानांत जेमतेम शिरणारा होता, आणि इतरांच्या कानांत सुईसारखा घुसणारा.

तुम्हाला वाटेल, कंपनीत कान तपासत नाहीत का? दर वर्षी तपासतात. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा टींऽ ऐकू आला की दाबायचं. पण नापास झालेल्याला प्रेसवरून हलवतात, आणि मग ओव्हरटाइमही जातो. म्हणून आमच्याकडे जुना माणूस नव्याला या तपासणीची रीत शिकवून ठेवतो. मला मोशीच्या तानाजीनं शिकवली होती. "आवाजाकडं ध्यान द्यायचंच न्हाई, भावा. काचंपल्याड बाई बसत्यात, त्या बटण दाबून आवाज सोडत्यात, त्यांचा खांदा बघायचा. खांदा हालला की दाब." आम्ही सगळेच असे खांदे बघून पास होत आलो. इअरप्लग गळ्यात माळेसारखे लटकत असायचे. ते कानात घातले तर प्रेस बिघडल्याचा आवाज कळत नाही, असं आम्ही एकमेकांना मोठ्या शहाणपणानं सांगायचो. तीन वर्षं मी त्या काचेच्या खोलीतून हसत बाहेर आलो. तेव्हा वाटायचं, आपण कंपनीला फसवलं! डबीपुढे मात्र ही युक्ती चालेना. तिला खांदाच नव्हता.

सुलभाला मी सगळं सांगितलं. ती चकित होईल, रागावेल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "अहो, मला ठाऊक आहे. पूर्वी ऐकू आलं नाही की तुम्ही 'काय?' म्हणून विचारायचात. वर्ष झालं, तुम्ही विचारतच नाही. नुसते हसता." त्या 'नुसते हसता'नं मला जेवढं घाबरवलं, तेवढं दुधाच्या कुकरनंही घाबरवलं नव्हतं. वर्षभरात ती काय काय बोलली असेल, आणि मी कशाकशाला हसलो असेन?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रफिकभाईंकडे गेलो. मी डोळे मिटून वाजवत राहिलो आणि सुलभानं नॉब फिरवले. तिनं तिसरी परत करून पहिलीच डबी निवडली, टोन निम्म्याच्याही खाली ठेवला, आणि त्या जागी नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मला तो आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. "आत्ता कसं, गाणाऱ्याला जागा राहिली," रफिकभाई म्हणाले. माणसानं आपल्याच स्वरासाठी दुसऱ्याच्या कानांवर विसंबायचं, ही केवढी नामुष्की, असं मला त्या दुकानात उभ्या उभ्या वाटलं. पण मंडळीत गाणारा प्रत्येकजण शेजाऱ्याच्या सुराला धरूनच गातो, हे आठवलं आणि मग मला लाज वाटेनाशी झाली. भीती मात्र होती तशीच राहिली.

सणाच्या दिवशी भोपळ्यांच्या राशीआड उभा राहून मी शेवटच्या कडव्याला डबी दाबली. काय वाजलं ते मला नीटसं माहीत नाही. मार्थामावशींचं तोंड उघडं होतं, डोळे मिटलेले होते, पदर खांद्यावर होता. त्यांचा वरचा सूर मला ऐकू आला नाही, पण त्या गात होत्या. तिसऱ्या रांगेतून सुलभानं मान हलवली. उपासनेनंतर मी मावशींची माफी मागितली, तर त्या माझा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलल्या. मी हसलो नाही. "काय म्हणालात, मावशी?" असं विचारलं, आणि त्यांनी ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

या आठवड्यात कंपनीत कानांची तपासणी झाली. बसताना मी खुर्ची वळवून घेतली, काचेकडे पाठ केली आणि डोळे मिटले. सुरुवातीचे जाड, खालचे आवाज आले. मी बटण दाबत गेलो. मग ते बारीक होत गेले, विरळ झाले, आणि थांबले. मी वाट पाहिली. छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती. बराच वेळ काही आलं नाही, तेव्हा तपासणी संपली असं समजून मी हेडफोन काढला आणि मागे वळलो. काचेपलीकडे बाईंचा खांदा अजून हलत होता.